मंडळात बंदुकीचा विषय काढायचा नाही, असं कुठे लिहिलंय?

प्रति,
टेक्ससमधल्या मराठी मंडळांच्या कार्यकारिणी, मराठी शाळांचे शिक्षक आणि सभासद पालक यांस,

विषय: घरातली बंदूक, तिचं कुलूप आणि आपलं गप्प बसणं

सप्रेम नमस्कार.

६ मे २०२३, शनिवार. डॅलसजवळच्या ॲलनच्या आउटलेट मॉलमध्ये एका माणसाने आठ जणांना गोळ्या घालून मारलं. भारतातून आई-वडील आले की बॅगा, बूट आणि परफ्यूम घ्यायला आपण त्यांना हमखास जिथे नेतो, तोच हा मॉल. मेलेल्यांत हैदराबादहून आलेली एक तरुण इंजिनिअर होती. त्या संध्याकाळी आपल्या सगळ्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच प्रश्न फिरत होता: "आपलं कोणी नाही ना तिकडे?" नव्हतं. मग हात जोडलेले इमोजी आले, लेखांच्या लिंक आल्या, दोघांची रिपब्लिकन-डेमोक्रॅट अशी जुंपली, ॲडमिनने "प्लीज, इथे राजकारण नको" असं टाकलं आणि विषय मिटला. पुढच्या आठवड्यात उन्हाळी सहलीची नोंदणी सुरू झाली.

"आपलं कोणी" हाच निकष असेल, तर तोही कधीच पुरा झालेला आहे. १६ एप्रिल २००७ ला व्हर्जिनिया टेकमध्ये ३२ जण मारले गेले, त्यांत मुंबईहून आर्किटेक्चर शिकायला आलेली एक मुलगी होती आणि तमिळनाडूतून येऊन तिथे वर्षानुवर्षं शिकवणारे एक प्राध्यापकही होते. २०१७ मध्ये कॅन्ससच्या ओलेथ गावात, ऑफिस सुटल्यावर बारमध्ये बसलेल्या हैदराबादच्या इंजिनिअरला "आमच्या देशातून चालते व्हा" म्हणणाऱ्याने गोळी घातली. यादी वाढवता येईल, पण मला ती वाढवायची नाही. मला त्या "राजकारण नको" बद्दल बोलायचं आहे.

मी डॅलसच्या एका उपनगरात बरीच वर्षं राहते, मंडळाची वर्गणी भरते, मराठी शाळेत शिकवते. माझं मत लपवून ठेवत नाही. प्रत्येक विक्रीआधी, मग ती दुकानात होवो की शेजाऱ्याच्या गराजमध्ये, पार्श्वभूमीची तपासणी व्हावी. रायफल घ्यायला वय २१ असावं. घरातली बंदूक कुलपात असावी, असं मला वाटतं. पण तुम्ही सगळ्यांनी माझ्यासारखंच मत धरावं म्हणून हे पत्र नाही. ज्यांच्या घरी बंदूक आहे अशा सभासदांनीही ते शेवटपर्यंत वाचावं, अशा बेताने लिहिते आहे. असे सभासद किती आहेत याची मंडळाला कल्पना नाही, कारण आपण कधी विचारलेलंच नाही.

टीव्हीवर दिसतं आणि प्रत्यक्षात घडतं, यातली तफावत आधी बघू. सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेच्या आकडेवारीप्रमाणे २०२३ मध्ये अमेरिकेत ४६,७२८ माणसं बंदुकीने मेली. त्यांतल्या २७ हजारांहून जास्त आत्महत्या होत्या. खून झालेले १८ हजारांच्या आसपास. शाळेत, मॉलमध्ये, चर्चमध्ये होणारं सामूहिक हत्याकांड, ज्यावर सगळी चर्चा रंगते, ते कोणत्याही व्याख्येने मोजलं तरी या आकड्याचा अगदी लहानसा तुकडा आहे. म्हणजे "बंदूक" म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर काळ्या कपड्यांतला अनोळखी पोरगा येतो, आणि प्रत्यक्षात दर दहांतले जवळजवळ सहा मृत्यू हे स्वतःच्याच हातून, बहुतेक वेळा स्वतःच्याच घरात झालेले असतात.

आणि हा तर आपल्याकडे दुहेरी न बोलायचा विषय. बंदुकीबद्दल बोलायचं नाही, कारण ते राजकारण. आत्महत्येबद्दल बोलायचं नाही, कारण लोक काय म्हणतील. नोकरी गेली आणि एच-वन-बी व्हिसावर नवी नोकरी शोधायला मिळणारे साठ दिवस मोजत बसलेला तिशीतला मुलगा, हव्या त्या कॉलेजात प्रवेश न मिळालेली बारावीतली मुलगी, रिटायर होऊन बायको गेल्यावर मोठ्या घरात एकटे पडलेले काका. ही माणसं आपल्या पॉटलकला येतात, दोन पुऱ्या खाऊन "बरं चाललंय" म्हणतात आणि जातात. डॉक्टर मंडळी सांगतात ते समजून घेण्यासारखं आहे: असा विचार मनात येणं आणि तो अमलात आणणं यांमधला वेळ पुष्कळदा फार थोडा असतो, अशा प्रयत्नातून वाचलेल्या दहांतले नऊ जण पुढे आत्महत्येने जात नाहीत, आणि प्रयत्न बंदुकीने झाला तर दहांतले साधारण नऊ जण वाचतच नाहीत. ती वाईट वेळ टळावी यासाठी बंदूक हाताशी नसणं, एवढ्यानेही माणूस वाचतो. इस्रायलच्या सैन्याने २००६ मध्ये तरुण सैनिकांना आठवडाअखेरच्या सुटीत बंदूक घरी न्यायला मनाई केली. बंदूक छावणीत ठेवायला लावली. सैनिकांमधल्या आत्महत्या सुमारे ४० टक्क्यांनी कमी झाल्या.

कॅलिफोर्नियात २ कोटी ६० लाखांहून जास्त लोकांच्या नोंदींवर झालेला एक मोठा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. पिस्तूल बाळगणाऱ्या पुरुषांचा बंदुकीने आत्महत्या करण्याचा धोका न बाळगणाऱ्यांच्या सुमारे आठपट निघाला. बायकांचा सुमारे पस्तीसपट. (हे वाचताना कोणाला स्वतःबद्दल किंवा घरातल्या कोणाबद्दल काळजी वाटत असेल तर ९८८ हा नंबर दिवसरात्र चालू असतो. फोन करा, मेसेज करा.)

आता आपल्या घरांकडे येते.

मराठी माणूस बंदूक कशाला घेईल, असं तुम्ही म्हणाल. आपण ज्या गावांतून आलो तिथे बंदूक पाहिली ती बँकेच्या दारात स्टुलावर बसलेल्या वॉचमनच्या खांद्यावर. ज्यांच्याकडे परवान्याची होती, शेतकऱ्यांची किंवा जुन्या वाड्यांतली, ती निवडणूक आली की पोलीस ठाण्यात जमा व्हायची. खंडेनवमीला पूजा कोयता, विळी आणि पान्हे-स्क्रू ड्रायव्हरची. पण इथे आल्यावर गणित बदलतं, आणि ते का बदलतं हे मला कळतं. आपल्या घरांत सोनं असतं हे आपल्यापेक्षा चोरांना जास्त नीट माहीत आहे. टेक्सस, जॉर्जिया, न्यू जर्सी, न्यू यॉर्क, मिशिगन अशा राज्यांत आशियाई आणि भारतीय कुटुंबांची घरं हेरून, घरच्यांना बांधून लुटणाऱ्या टोळीच्या म्होरक्या बाईला २०१९ मध्ये ३७ वर्षांची शिक्षा झाली, ती बाई टेक्ससचीच. त्यावर २०२० आलं. कोव्हिड, रिकामी दुकानं, रस्त्यांवरचे मोर्चे आणि चायनीज दिसणाऱ्यांवर होणारे हल्ले. त्या वर्षी एफबीआयकडे बंदूक-खरेदीच्या तपासणीच्या जवळपास ४ कोटी नोंदी झाल्या, तोवरचा उच्चांक. त्या रांगेत आपलीही माणसं होती. घेणाऱ्याला मी दोष देत नाही. प्यू रिसर्चच्या २०२३ च्या पाहणीत ७२ टक्के बंदूकधारकांनी "संरक्षण" हे एक प्रमुख कारण सांगितलं. तुमचंही तेच असणार.

मी विचारते ते पुढचं. घेतली, ठीक. ठेवली कुठे?

हा प्रश्न मी प्रत्यक्ष विचारून पाहिला आहे. मुलीला एका मैत्रिणीकडे रात्री राहायला जायचं होतं. त्यांचं घर आमच्या चांगल्या ओळखीचं, दिवाळीला फराळ देण्याघेण्याचं. मी फोनवर ॲलर्जी, झोपायची वेळ, उशी वगैरे बोलून झाल्यावर म्हटलं, "वहिनी, एक विचारते, राग मानू नका. घरात बंदूक आहे का? आणि असली तर कुलपात असते ना?"

पलीकडे शांतता. मग, "आहे हो. ह्यांनी कोव्हिडमध्ये घेतली. बेडरूमच्या कपाटात वरच्या खणात आहे, साड्यांच्या मागे. मुलांना काही माहीत नाही."

फोन स्पीकरवर असावा. मागून त्यांच्या अकरा वर्षांच्या मुलीचा आवाज आला, "मला माहितीये की. पैठणीच्या पिशवीमागे."

पुढच्या शनिवारी भाऊजी पिस्तुलासाठी बोटाच्या ठशाने उघडणारी पेटी घेऊन आले. मला फोटो पाठवला, खाली फक्त "खूश?" एवढंच. मैत्री आहे तशी आहे. मुली एकमेकींकडे राहतात.

"मुलांना माहीत नाही" हे वाक्य त्या वहिनींचं एकटीचं नाही. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बंदूक असलेल्या घरांतल्या पालकांना आणि मुलांना वेगवेगळं विचारलं होतं. ती कुठे ठेवली आहे हे मुलांना ठाऊक नाही असं ठामपणे सांगणाऱ्या पालकांपैकी जवळजवळ ४० टक्क्यांच्या मुलांनी जागा अचूक माहीत असल्याचं सांगितलं. आपली मुलं दिवाळीच्या भेटवस्तू कुठे लपवल्यात ते आठवडाभर आधी शोधून काढतात, तर हे काय कठीण? देशभरात सुमारे ४६ लाख मुलं अशा घरांत राहतात जिथे भरलेली बंदूक कुलपाविना पडलेली असते. आणि २०२० पासून १ ते १९ वयाच्या मुलांच्या मृत्यूचं पहिल्या क्रमांकाचं कारण बंदूक आहे. गाडीचे अपघात मागे पडले. गाडीत लहान मुलाला कार सीटशिवाय बसवलं तर आपण एकमेकांना हक्काने ओरडतो, तेवढ्याच हक्काने हे विचारता आलं पाहिजे, एवढीच माझी मागणी आहे.

शाळांमधल्या गोळीबारांचाही धागा याच कपाटाशी जातो. सीक्रेट सर्व्हिसने २०१९ मध्ये शाळांमधल्या हल्ल्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात बंदूक वापरणाऱ्या हल्लेखोरांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश मुलांनी ती आई-वडिलांच्या किंवा जवळच्या नातेवाइकाच्या घरातून मिळवली होती. सँडी हूकच्या शाळेत २० लहान मुलं आणि सहा मोठी माणसं मारणाऱ्याने बंदुका आईच्या वापरल्या, कायदेशीर घेतलेल्या, आणि पहिली गोळी तिलाच घातली. मिशिगनच्या ऑक्सफर्ड हायस्कूलमध्ये ३० नोव्हेंबर २०२१ ला चार विद्यार्थी मेले. बापाने पिस्तूल आणलं होतं चारच दिवस आधी, ब्लॅक फ्रायडेला. २०२४ मध्ये त्या आई-बाप दोघांनाही सदोष मनुष्यवधासाठी १० ते १५ वर्षांच्या शिक्षा झाल्या. मुलाने शाळेत केलेल्या हत्याकांडासाठी पालक दोषी ठरण्याची या देशातली ती पहिली वेळ. दरम्यान २०२३ मध्ये मिशिगनने बंदूक कुलपात ठेवण्याचा कायदा केला, तो फेब्रुवारी २०२४ पासून लागू आहे.

"टेक्ससमध्ये असला कायदाच नाही" हे मी आपल्याच लोकांकडून ऐकलं आहे. आहे. १७ वर्षांखालच्या मुलाच्या हाती झाडायला तयार बंदूक लागेल अशी निष्काळजीपणे ठेवणं हा इथे १९९५ पासून गुन्हा आहे. नुसती हाती लागली तर दंड, आणि त्या मुलाने कोणाला किंवा स्वतःला मारलं किंवा गंभीर जखमी केलं तर वर्षभरापर्यंतचा तुरुंगवास. कायदा मवाळ आहे, पण आहे.

"चोर समोर आल्यावर मी कुलूप उघडत बसू का?" हा प्रश्न मात्र रास्त आहे, आणि तो नुसता घरगुती वाद नाही, सर्वोच्च न्यायालयात गेलेला आहे. २००८ च्या हेलर खटल्यात न्यायालयाने म्हटलं की अमेरिकेच्या घटनेतल्या दुसऱ्या दुरुस्तीने दिलेला बंदूक बाळगण्याचा हक्क प्रत्येक व्यक्तीचा आहे, आणि वॉशिंग्टन शहराचा घरातली बंदूक सदासर्वदा सुटे भाग करून किंवा कुलूप लावूनच ठेवा हा नियम रद्द केला, कारण मग घरात स्वसंरक्षण करायचं कसं? पण त्याच निकालात हा हक्क अमर्याद नाही असंही स्पष्ट लिहिलं आहे. "अंगावर नसेल तेव्हा कुलपात" असा सॅन फ्रान्सिस्कोचा नियम त्यानंतरही टिकला. व्यवहारात याचा अर्थ सोपा आहे: पिस्तूल तुमच्या कमरेला असेल तर तुमच्या ताब्यात, तुम्ही ऑफिसला, देवळात, नाटकाला गेलात तर पेटीत. बोटाच्या ठशाची पेटी उघडायला काही सेकंद लागतात. आणि कपाटात साड्यांमागे ठेवलेलं पिस्तूल चोराच्या आधी तुमच्या हाती लागेलच याची तरी काय खात्री आहे?

दुसरी बाजू मी टाळत नाही. २९ डिसेंबर २०१९ ला आपल्या फोर्ट वर्थजवळच्या व्हाइट सेटलमेंटच्या चर्चमध्ये एकाने दोघांना मारलं, आणि सहा सेकंदांच्या आत तिथल्याच एका स्वयंसेवकाने त्याला गोळी घालून थांबवलं. तो माणूस तिथे पिस्तूल घेऊन नसता तर मृतांचा आकडा वाढला असता, यात शंका नाही. पण त्या माणसाला बंदुकीचं उत्तम प्रशिक्षण होतं, ते तो इतरांना द्यायचा, आणि बंदूक त्याच्या अंगावर होती. आपल्यापैकी बहुतेकांनी नेमबाजीच्या रेंजवर शेवटचं कधी पाऊल टाकलं, ते स्वतःलाच विचारा.

रेंजचं निघालंच आहे तर एक गोष्ट, जी मंडळाने नव्या विद्यार्थ्यांना आणि नव्याने आलेल्या कुटुंबांना पहिल्याच दिवशी सांगायला हवी. एच-वन-बी, एफ-वन, पाहुण्यांचा बी-टू, अशा तात्पुरत्या व्हिसावर आलेल्या माणसाला फेडरल कायद्याने बंदूक विकत घेणंच नव्हे तर हातात बाळगणंही मना आहे. काही मोजके अपवाद आहेत, त्यांतला लोकांना माहीत असलेला म्हणजे शिकारीचा वैध परवाना. ग्रीन कार्डवाल्यांना ही मनाई नाही. आता चित्र बघा: कंपनीची टीम शूटिंग रेंजवर जाते, आपला मुलगा भाड्याची बंदूक घेऊन दहा गोळ्या झाडतो, फोटो इन्स्टाग्रामवर. पुण्याहून आलेल्या बाबांना "टेक्ससची मजा" दाखवायला जावई रेंजवर घेऊन जातो, त्यांचाही फोटो. रेंजवाला प्रत्येक वेळी विचारतोच असं नाही. पण बंदुकीच्या गुन्ह्यात दोषी ठरलेल्या परदेशी नागरिकाला देशाबाहेर काढता येतं. दुकानात भरायच्या फॉर्म ४४७३ वर नागरिकत्व, व्हिसा, गांजा आणि "ही बंदूक तुम्ही स्वतःसाठीच घेता आहात ना" हे सगळं विचारलेलं असतं. सिटिझन झालेल्या मित्राच्या नावाने घ्यायची हुशारी करू नका, तो स्वतंत्र गुन्हा आहे. आपण नवागतांच्या स्वागताला क्रेडिट स्कोअर आणि ड्रायव्हिंग टेस्टवर तासभर बोलतो. त्यात ही दहा मिनिटं घाला.

आता तुमचं नेहमीचं उत्तर. "आम्ही नॉन-प्रॉफिट. आम्हाला राजकारण चालत नाही." मी कागद काढून वाचला. ५०१(सी)(३) म्हणजे करमाफी असलेल्या ना-नफा संस्थेला उमेदवाराचा प्रचार करता येत नाही, कोणाच्या बाजूने किंवा विरुद्ध मत द्या असं सांगता येत नाही. विषयाची माहिती देणं, बालरोगतज्ज्ञाचं भाषण ठेवणं, मतदार नोंदणीचं टेबल लावणं याला कोणतीही आडकाठी नाही. कायद्याच्या मसुद्यावर संस्था म्हणून मत मांडण्यालाही मर्यादेत परवानगी आहे. तेव्हा आयआरएसच्या, म्हणजे कर खात्याच्या मागे लपू नका. भीती आहे ती सभासद दुखावण्याची, वर्गणी आणि देणगी कमी होण्याची. ती खरी भीती आहे, मी तिची थट्टा करत नाही, पण मग तसं सरळ म्हणा.

डॉक्टरांनाही एकदा असंच गप्प करायचा प्रयत्न झाला होता. फ्लोरिडाने २०११ मध्ये कायदा केला की डॉक्टरांनी रुग्णांना घरातल्या बंदुकीबद्दल सरसकट विचारायचं नाही. २०१७ मध्ये फेडरल अपील न्यायालयाने त्यातली विचारण्यावरची बंदी उडवून लावली. डॉक्टरांना विचारण्यासाठी न्यायालयात भांडावं लागलं. आपल्याला कोणी अडवलेलंही नाही, तरी आपण गप्प.

आणि हो, कायद्याचंही बोलायला हवं, निदान मराठी मतदारांनी. ग्रुपवर दर वेळी कोणीतरी लिहितं, "सगळ्या बंदुका बॅन करा, प्रश्न मिटला." घटनादुरुस्तीला दोन्ही सभागृहांत दोन-तृतीयांश आणि ५० पैकी ३८ राज्यं लागतात, देशात माणसांपेक्षा बंदुका जास्त आहेत. ही चर्चा म्हणजे वेळ घालवणं आहे. दुसरा कोणीतरी उत्तर देतो, "इंग्रजांनी १८७८ च्या कायद्याने आपली शस्त्रं काढून घेतली, म्हणून आपण गुलाम राहिलो." स्वतंत्र भारतानेही १९५९ मध्ये परवान्याचाच कायदा केला, आणि आपल्यापैकी कोणीही त्याविरुद्ध मोर्चा काढल्याचं मला स्मरत नाही. ही दोन्ही टोकं सोडली की मध्ये खरी लढाई आहे, आणि ती वॉशिंग्टनपेक्षा राज्याच्या राजधानीत, ऑस्टिनमध्ये, जास्त आहे.

टेक्ससच्याच युवाल्डी गावातल्या शाळेत २४ मे २०२२ ला १९ मुलं आणि दोन शिक्षिका मारणाऱ्या पोराने अठरावा वाढदिवस होताच दोन रायफली कायदेशीर विकत घेतल्या होत्या. तिथल्या पालकांनी त्यानंतरचं अख्खं अधिवेशन ऑस्टिनला खेटे घातले. मागणी एकच: अशा रायफलींसाठी वय १८ चं २१ करा. ॲलनच्या घटनेनंतर दोनच दिवसांनी, ८ मे २०२३ ला, ते विधेयक समितीत ८ विरुद्ध ५ मतांनी मंजूर झालं. दोन रिपब्लिकन आमदारांनी बाजूने मत दिलं. पण मुदतीच्या आत ते सभागृहाच्या पटलावर येऊच दिलं नाही, आणि ते तिथेच मेलं. बाजूने मत देणाऱ्या त्या दोघांतले एक आपल्या शेजारच्या रॉकवॉलचे. २०२४ मध्ये ते पक्षांतर्गत निवडणुकीतच हरले. हे मत त्यांच्याविरुद्ध वापरलं गेलं. आणि २०२५ मध्ये टेक्ससने काय केलं? धोकादायक मनःस्थितीतल्या माणसाकडून न्यायालयाच्या आदेशाने बंदूक तात्पुरती काढून घेता येते असे "रेड फ्लॅग" कायदे इथे कधी नव्हतेच. आता तसे आदेश लागू करण्यालाच बंदी घातली.

हे इतकं सविस्तर सांगायचं कारण ती पक्षांतर्गत निवडणूक. प्रायमरी. टेक्ससमध्ये पक्षाची नोंदणी लागत नाही, मार्चमध्ये कोणत्याही एका पक्षाच्या प्रायमरीत जाऊन मत देता येतं. आपल्या भागातल्या अनेक जागांचा निकाल नोव्हेंबरात नाही, तिथेच लागतो, आणि तिथे फार थोडी माणसं मत देतात. आपले सिटिझन झालेले लोक राष्ट्राध्यक्षाला मत देऊन "आय व्होटेड"चा स्टिकर लावतात आणि प्रायमरीच्या दिवशी घरीच बसतात. बंदूक हवी असणारे लोक बसत नाहीत.

आणि लोकप्रतिनिधी हलतच नाहीत असंही नाही. युवाल्डीनंतर आपल्याच राज्याचे सिनेटर जॉन कॉर्निन यांनी कनेटिकटच्या ख्रिस मर्फींबरोबर बसून तडजोड घडवली: २१ वर्षांखालच्या ग्राहकांची जास्त कसून तपासणी, घरगुती हिंसाचार करणाऱ्यांबाबतची पळवाट अरुंद, मानसिक आरोग्यासाठी पैसा. जून २०२२ मध्ये तो कायदा झाला. तीस वर्षांत झालेला बंदुकीबद्दलचा तो पहिला मोठा फेडरल कायदा, आणि त्यापायी ह्यूस्टनच्या पक्ष-अधिवेशनात कॉर्निन यांची व्यासपीठावरच हुर्यो उडवली गेली. २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रहिमी खटल्यात, जो आपल्या आर्लिंग्टनमधल्या माणसाचा होता, जोडीदाराला धोका असल्याचा न्यायालयीन आदेश असलेल्या माणसाला बंदूक बाळगता येणार नाही हे ८ विरुद्ध १ मतांनी मान्य केलं. थॉमस यांचं एकट्याचं मत विरुद्ध. दारं अगदीच बंद नाहीत.

आता मंडळांच्या स्वतःच्या अंगणातलं. आपण कार्यक्रम करतो ते शाळांच्या सभागृहात, देवळांच्या हॉलमध्ये किंवा भाड्याच्या बँक्वेटमध्ये. शाळेच्या इमारतीत बंदूक कायद्यानेच मना आहे. देवळात आणि हॉलमध्ये तसं नाही. तिथे मालकाने सूचना दिली तरच मनाई. ती सूचना म्हणजे दारावरची ती पाटी, जिच्यावर ३०.०६ आणि ३०.०७ हे टेक्ससच्या दंडसंहितेतल्या कलमांचे आकडे असतात, इंग्रजी आणि स्पॅनिशमध्ये, निदान एक इंच उंचीच्या अक्षरांत. अक्षरं बारीक असली तर ती पाटी कायद्याने पाटीच नाही. २०२१ पासून परवान्याशिवायही बंदूक बाळगता येते, त्यांच्यासाठी ३०.०५ ची वेगळी. गणेशोत्सवाला हजारभर माणूस येतं त्या हॉलच्या दारावर यांतलं काय आहे, ते तुमच्यापैकी कोणी पाहिलं आहे? पाटी हवी की नको यावर दुमत होऊ शकतं. पण कार्यकारिणीने ते ठरवलेलं असावं, आणि पाटी असेल तर बंदूक पार्किंगमधल्या गाडीच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात राहणार हेही लक्षात घ्यावं. चोरीच्या बंदुकांचा मोठा वाटा गाड्यांतूनच जातो. आरतीच्या वेळी पार्किंगमध्ये कोणी नसतं.

तसंच पाहुण्यांचं. पुण्या-मुंबईहून नाटकाचा संच आला की कलाकारांना आपण सभासदांच्या घरी उतरवतो. यजमान कुटुंबांच्या फॉर्मवर कुत्रा आहे का, जिने किती, शाकाहारी का, हे सगळं असतं. एक ओळ वाढवा. मराठी शाळेच्या प्रवेशाच्या फॉर्मबरोबर पालकांना एक पान द्या: दुसऱ्याच्या घरी मूल पाठवण्याआधी विचारा, आणि विचारलं तर रागावू नका. बालरोगतज्ज्ञांची संघटना दर वर्षी २१ जूनला नेमकं हेच विचारण्याचा दिवस पाळते. आपल्या मंडळांत बालरोगतज्ज्ञांची काही कमी नाही; त्यांतल्या एकीशी मी बोलले आहे, ती येऊन बोलायला तयार आहे. आमच्या ओळखीचे एक काका वीस वर्षं रेंजवर जातात, चार बंदुका आहेत, सगळ्या तिजोरीत, गोळ्या वेगळ्या कुलपात. त्यांचं आणि माझं निवडणुकीत कधीच पटत नाही. तेही येतील. उलट माझ्यापेक्षा त्यांचंच लोक जास्त ऐकतील.

अनेक पोलीस ठाण्यांत केबल लॉक फुकट मिळतं. प्लॅस्टिकचं वेष्टण असलेली हातभर तार, तिला छोटं कुलूप, ती पिस्तुलाच्या आतून ओवून लावायची. गोळी भरताच येत नाही. मी आणून ठेवलेली आहेत. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून दर वर्षी आपण प्लॅस्टिकचे डबे लुटतो. यंदा ज्यांना हवं त्यांना हे लुटायची माझी तयारी आहे. हसू आलं तर हसा, पण एखादी वहिनी ते पर्समध्ये टाकून घरी नेईल.

येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत या विषयाला चाळीस मिनिटं द्यावीत अशी माझी लेखी विनंती आहे. सभेचा अजेंडा निघण्याआधी होय किंवा नाही ते कळवावं. नाही असेल तर कारण इतिवृत्तात नोंदवावं.

आपली,
एक सभासद आणि मराठी शाळेतली शिक्षिका
डॅलस परिसर, टेक्सस